जेकब्ज वेल : ओढ्याच्या पात्रातला उमाळा का आटला

टेक्सासमधल्या विंबर्ली गावाजवळ सायप्रस क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या पात्रात, चुनखडीच्या सपाट कातळात, बाराएक फूट रुंदीचं गोल तोंड उघडतं. नाव ‘जेकब्ज वेल’, म्हणजे जेकबची विहीर, असलं तरी ही कुणी खणलेली नाही; हा जमिनीतून वर येणारा झरा, उमाळा आहे. काठावरून वाकून पाहिलं की आधी निळंहिरवं पाणी, मग वीसेक फूट सरळ उतरलेल्या भिंती आणि त्याखाली नुसता काळोख. तिथून वाट तिरकी वळते. पाणबुड्यांनी आतले बोगदे एक किलोमीटरहून पुढपर्यंत मोजलेत. त्या नादात काहींचे जीवही गेलेत.

भेगांतून मुरलेलं पावसाचं पाणी चुनखडी विरघळवत वाटा करतं आणि दाबानं इथे वर उसळतं. उन्हाळा असो की हिवाळा, ते २० अंशांच्या आसपासच. १९५० च्या दशकातल्या भीषण दुष्काळातही हा उमाळा वाहत राहिला. थांबला तो २००० साली, पहिल्यांदाच. मग २००८ मध्ये पुन्हा, आणि त्यानंतर वरचेवर. २०२२ पासून तिथलं पोहणंही बंद झालं.

पाऊस कमी झाला हे खरं, पण माझ्या मते मूळ दुखणं उपशाचं आहे. विंबर्ली ज्यात येतं त्या हेज काउंटीची (जिल्ह्याची) लोकसंख्या २०१० मध्ये १ लाख ५७ हजार होती, २०२० मध्ये २ लाख ४१ हजार झाली. बोअरही त्याच भूजलात उतरल्या.

त्यांना मोकळं रान मिळालं ते जुन्या कायद्यानं. टेक्सासमधल्याच डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीनं मोठी विहीर खणून रोज २५ हजार गॅलन पाणी उपसलं आणि शेजाऱ्याची घरची विहीर कोरडी पडली. १९०४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला : जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, जमिनीखालचं पाणी कसं फिरतं हे गूढच, त्याला नियम कसा लावणार? जमिनीखालचं पाणी जमीनमालकाला उपसू देणारा आपल्याकडचा १८८२ चा सुविधाधिकार कायदाही याच इंग्रजी विचारातून आला. शेजारच्या बोअरनं विहीर आटली तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही.

२०२० मध्ये हेज काउंटीतल्या भूजल मंडळानं जेकब्ज वेलच्या उमाळ्याभोवती खास क्षेत्र आखलं. प्रवाह घटला की परवानाधारकांनी उपसाही घटवायचा, असा नियम केला. घरगुती बोअरना मात्र परवानाच लागत नाही.