गॅस सरला का? पोटावरची पिशवी निघाल्यानंतर आतड्याचं काय चालतं

टायफॉइडनं आतड्याला भोक पडलं, टीबीनं आतडं चिकटलं, ट्रॅक्टरखाली सापडून पोटाला मार बसला, नाहीतर गुदाशयाचा कॅन्सर निघाला. खेड्यातल्या माणसाच्या पोटावर शौचाची पिशवी येण्याची कारणं बहुधा यातलीच असतात. पुष्कळदा ही पिशवी तात्पुरती असते. खालचं आतडं भरून येईपर्यंत वरचं आतडं पोटावरच्या भोकातून बाहेर काढून मळ पिशवीत घ्यायचा आणि सगळं ठीक दिसलं की आतडं जोडून पोटात परत ठेवायचं. लहान आतड्याच्या पिशवीच्या बाबतीत हे साधारण दोन ते तीन महिन्यांनी करतात, केमोथेरपी चालू असेल तर त्याहून उशिरा. त्याआधी खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढतात. कुठे गळत नाही आणि वाट अडलेली नाही, याची खात्री झाल्याशिवाय सर्जन हात लावत नाहीत.

घरच्यांचा हिशोब मात्र शेतीवर चालतो. ‘कापूस वेचून होऊ द्या, मग करू,’ किंवा ‘पेरणीच्या आधी मोकळं करा, डॉक्टर.’ यातला दुसरा हिशोब मला धोक्याचा वाटतो. मे महिन्यात ऑपरेशन म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडचा पंचेचाळीस अंशांचा पारा आणि वरून पातळ संडास. आणि जून लागला की घरात धडधाकट माणूस रिकामा बसू शकत नाही.

जोडलेलं आतडं टाक्यांवर किंवा स्टेपलच्या पिनांवर धरलेलं असतं. त्याच्या भिंतीला चार थर असतात. आतल्या अस्तराखालचा, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेला थर टाक्यांचा खरा भार पेलतो, हे अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी 1887 मध्ये दाखवून दिलं. गंमत अशी की हा सांधा पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त कच्चा असतो. जखमेच्या कडेचं जुनं कोलॅजन शरीर आधी विरघळवतं आणि नवं नंतर विणतं. मधल्या काळात सगळी भिस्त टाक्यांवरच असते. म्हणून पेशंट हसतखेळत बसलेला असताना, ‘आता सुट्टी द्या ना’ म्हणत असताना राऊंडवरचे डॉक्टर नाडी मोजतात, पोट दाबून बघतात. ताप, वाढत जाणारी नाडी आणि वाढतं दुखणं ही सांधा गळत असल्याची चिन्हं असू शकतात.

नवं कोलॅजन विणायला रक्तातून ऑक्सिजन यावा लागतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. आपल्याकडे बिडी सोडलेला माणूसही खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पुडी उशाखाली ठेवतो आणि ‘मी ओढत नाही’ असं खरंच सांगतो. खर्रा चघळला तरी निकोटीन रक्तात जातंच. तो ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच सुटला पाहिजे. वॉर्डात नातेवाइकाच्या हातून तर अजिबात येऊ नये.

चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं च्युइंग गम चघळा. हा विनोद नाही. तोंडात काही चघळलं की मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि मेंदूकडून पोटाकडे जाणारी व्हेगस नस आतड्याला कामाला लावते. ऑपरेशनमध्ये हाताळलेलं आतडं काही काळ बंद पडतं. लहान आतडं बहुतेक एका दिवसात हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. सकाळी सिस्टर विचारतात, “काका, गॅस सरला का?” सुनेसमोर काका लाजून मान हलवतात. पण लाजू नये. तो गॅस म्हणजे मोठं आतडं चालू झाल्याची पहिली खबर असते.

पूर्वी गॅस सरेपर्यंत तोंडाला पाण्याचा थेंब लावू देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात ही रीत मोडायला सुरुवात केली. लवकर पाणी, लवकर खाणं, लवकर चालणं आणि आतडं सुस्त करणारी अफूच्या जातीची वेदनाशामकं शक्य तितकी कमी. आता पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी घोट-घोट पाणी देतात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिरवतात. तरी काहींचं पोट फुगतं, उलट्या होतात. मग नाकातून नळी घालून एक-दोन दिवस आतड्याला विश्रांती द्यावी लागते. हे बऱ्यापैकी नेहमीचं आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. लहान आतड्याची पिशवी बंद केलेला पेशंट साधारण तीन ते पाच दिवसांत घरी जातो. मोठ्या आतड्यासाठी पोट पुन्हा उघडावं लागलं असेल तर मुक्काम वाढतो.

घरी आल्यावर पहिला धक्का जखमेचा बसतो. पिशवीच्या जागी नाण्याएवढं गोल भोक तसंच ठेवलेलं असतं. ‘टाके घालायचेच विसरले!’ असं म्हणत गाव गोळा होतं. ती जागा मळाच्या संपर्कात राहिलेली असते. पूर्ण शिवली तर आत पू साठण्याची भीती, म्हणून बटव्याच्या दोरीसारखा टाका ओवून मध्ये वाट ठेवतात. जखम तळातून वर भरत येते आणि त्याला काही आठवडे लागतात. हळद, राख, पाला काही भरू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग करून घ्या.

दुसरा धक्का संडासचा. “पिशवी होती तेच बरं होतं, आता दिवसभर लोटाच हातात राह्यते,” हे वाक्य पहिल्या महिन्यात हमखास येतं. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपलं बरंचसं इंधन रक्ताऐवजी मळातूनच घेतात. तिथले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि त्यावर या पेशी जगतात. पिशवीच्या काळात खाली मळच जात नाही, म्हणून अस्तर रोडावतं, सुजतंही. पाणी शोषायचं त्याचं काम मंदावलेलं असतं. मळ पुन्हा येऊ लागला की ते हळूहळू सुधारतं. गुदाशयाचा भाग कॅन्सरमुळे काढला असेल तर अडचण वेगळी असते. मळ साठवायची जागाच लहान झालेली असते, म्हणून तासाभरात चार वेळा जावं लागतं, आवरत नाही. हे सुधारायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात आणि काहींना थोडा त्रास कायम राहतो.

पातळ मळातले पित्तक्षार आणि पाचकरस कातडी जाळतात. कोमट पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपा, चोळू नका, वर झिंक ऑक्साइडचं मलम लावा. उकिडवं बसणं जड जात असेल तर भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची पुरते. रात्री अंगणापलीकडच्या संडासात जायचं असेल तर वाटेत दिवा लावून ठेवा.

खाण्यात आधी मऊ भात, मुगाचं वरण, खिचडी, ताक, केळं, उकडलेला बटाटा. सांध्याला सूज असते, वाट अरुंद असते, तिथे चिवट चोथा अडकू शकतो. म्हणून हुरडा, मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, अंबाडीची भाजी पहिले काही आठवडे लांब. संत्र्याच्या फोडीची पांढरी साल तर आतडं अडवण्यात कुप्रसिद्धच आहे. रस गाळून प्या. सावजी रस्सा कधी, ते ज्यानं-त्यानं आपल्या बुडाला विचारून ठरवावं! ज्वारीची भाकर मात्र डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करा. मोठ्या आतड्यातले ते ब्युटिरेट बनवणारे जिवाणू चोथ्यावरच पोसतात.

संडास पातळ असताना नुसतं पाणी पिऊन भागत नाही. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. हे दोन्ही ओआरएसमध्ये असतात, म्हणून त्याची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच कालवा. ग्लासात चिमूट-चिमूट टाकून प्रमाण बिघडतं. संडास बंद करायच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

वजन उचलायला सहा ते आठ आठवडे मनाई. युरियाचं पोतं 45 किलोचं असतं, पण पाठीवरचा फवारणी पंप, चाऱ्याचा भारा, हापशाचा दांडा हेही त्यातच धरा. पिशवीच्या जागी पोटाची भिंत कच्ची असते, तिथे हर्निया होतो.

पोट ताणून फुगलं, हिरवी उलटी झाली, गॅस बंद झाला, थंडी वाजून ताप आला, संडासातून बरंच रक्त पडलं किंवा लघवी अगदी कमी झाली, तर गावात ‘ग्यासचं इंजेक्शन’ घेऊन रात्र काढू नका. मेळघाटात किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे, दवाखान्यापासून लांब राहणाऱ्यांनी अंतर लक्षात घेऊन संध्याकाळीच निघावं, 108 ला फोन करावा. सोबत डिस्चार्ज कार्ड असू द्या. कोणतं आतडं, किती कापलं, हे त्यावर लिहून घेतलेलं असावं. लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं असेल तर बी-12 जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, आणि मग त्याची तपासणी आणि गरज पडल्यास इंजेक्शनं पुढे कित्येक वर्षं चालू ठेवावी लागतात.