हलकं लिनक्स, पण कोणाच्या मानाने?

नाशिकच्या सातपूरला ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये बिलं आणि चलनं करायला 2008 सालचा डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, 2 जीबी रॅम, वर विंडोज 7. एम.जी. रोडवर दाखवला तर उत्तर एकच मिळालं: "नवीनच घ्या." मालकांनी मला विचारलं, "ते हलकं लिनक्स म्हणतात, ते टाकून होईल का काही?"

होईल. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम; तिची वेगवेगळी रूपं म्हणजे डिस्ट्रो, आणि जुन्या पीसीवर चालतात ती हलकी. पण हलकं म्हणजे कोणाच्या मानाने, ते आधी बघायला हवं, कारण दर पाच-सात वर्षांनी या शब्दाचा अर्थ बदलत आला आहे.

लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते स्वतःच्या 386 प्रोसेसरच्या पीसीवर. तेव्हा हलकं-जड हा प्रश्नच नव्हता. पुढे 2013 च्या 3.8 कर्नेलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, 386 चाच आधार काढून टाकला. म्हणजे ज्या पाळण्यात वाढलं तोच मोडीत.

खरी हलकी जमात आली विंडोज एक्सपीच्या काळात. बॅरी कॉलर या ऑस्ट्रेलियन माणसाने 2003 मध्ये पपी लिनक्स काढलं. सगळी सिस्टिम रॅममध्ये चढायची, त्यामुळे हार्डडिस्क मेलेला पीसीही सीडीवरून चालायचा. डॅम स्मॉल लिनक्सने तर 50 एमबीची मर्यादा घालून घेतली होती, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीत मावावं म्हणून. आज एखादं अपडेटही त्याहून मोठं असतं.

दुसरी लाट आली ती लिनक्सच जड झाल्यामुळे. 2011 च्या सुमारास ग्नोम 3 आणि उबुंटू या डिस्ट्रोचं युनिटी हे नवे डेस्कटॉप (पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी) आले, दिसायला झकास, पण जुन्या ग्राफिक्सवर रडणारे. लोक एक्सएफसीई आणि एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपांकडे वळले. एलएक्सडीई तैवानच्या हाँग जेन यी याने 2006 मध्ये सुरू केलं होतं. त्यावर उभं राहिलेलं लुबुंटू 11.10 आवृत्तीपासून उबुंटूच्या अधिकृत घरात आलं. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा आधार संपल्यावर तर "आता काय टाकू" विचारणाऱ्यांना ठरलेलं उत्तर हेच असायचं.

तिसरा टप्पा 32 बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरांचा (नवे 64 बिट), आणि माणसं चुकतात ती इथेच. लुबुंटूची 32 बिट आवृत्ती 18.10 ला थांबली. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या डिस्ट्रोने 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. पूर्वीच्या छोट्या नेटबुकांतला अॅटम एन270 खरोखरच 32 बिट. त्याला डेबियन 12 वर बेतलेलं अँटिएक्स 23 वगैरे शोधावं लागतं. पण कोअर टू ड्युओ 64 बिट आहे. त्यावर 32 बिट विंडोज घातलेलं असायचं, म्हणून मालकाला मशीनच 32 बिट वाटतं. वर्कशॉपमध्ये अगदी हेच निघालं.

आणि आता वजन डेस्कटॉपचं राहिलेलंच नाही, ते ब्राउझरचं आहे. एलएक्सडीई घातलं काय नि आणखी काही, जीएसटीचं पोर्टल, मेल आणि व्हॉट्सअॅप वेब एकदम उघडलं की 2 जीबी संपतात. डिस्ट्रोवर वाद घालत बसण्यापेक्षा जुन्या रॅमची एक पट्टी आणि छोटी एसएसडी जास्त कामाची. फार चिमुकल्या डिस्ट्रोंत आणखी एक पंचाईत: देवनागरी फॉन्ट नसला तर मराठी फाइलचं नावसुद्धा चौकोन-चौकोन दिसतं.

शेवटी रॅम 4 जीबी केली, एसएसडी बसवली आणि एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मालकांना यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच: चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतो का? चालला. फक्त कागदाची लांबी हाताने भरावी लागली.