झ्यूस आपल्या मुलाला का वाचवत नाही? इलियडमधील मृत्यूची पार्श्वभूमी

ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या इलियड या महाकाव्याच्या सोळाव्या सर्गात सार्पीडन आणि ग्रीक वीर अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस समोरासमोर येतात. सार्पीडन हा लिशियाचा राजा. तो ट्रॉयच्या बाजूने लढतो आहे आणि खुद्द देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा आहे. तो आता मरणार हे झ्यूसला दिसते. त्याला रणातून उचलून लिशियात नेऊन ठेवावे का, असा प्रश्न झ्यूस आपली पत्नी हेरा हिच्यासमोर मांडतो. हेरा म्हणते, हवे तर कर, पण आम्ही बाकीचे देव त्याला संमती देणार नाही. ट्रॉयभोवती अनेक देवांची मुले लढत आहेत, उद्या प्रत्येक जण आपापल्या मुलाला उचलून नेऊ पाहील. झ्यूस ऐकतो. पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो आणि मुलाला मरू देतो.

या प्रसंगावरून ‘ग्रीकांच्या मते नियती देवांपेक्षाही श्रेष्ठ होती’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. काव्य तसे म्हणत नाही. ‘तुला हे करता येणार नाही’ असे हेराच्या तोंडी कुठेही नाही. झ्यूसकडे सामर्थ्य आहे, पण ते वापरले तर देव आणि माणूस यांच्यातली सीमाच मोडेल. बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला वाचवण्याचा विचार त्याच्या मनात येतो, तेव्हा देवी अथीना जवळजवळ त्याच शब्दांत त्याला अडवते. ही सीमा इलियडच्या कवीला आयती मिळालेली नव्हती. त्याच्या आजूबाजूच्या कथांत आणि पूजाविधींत ती बरीच सैल होती. त्याने ती जाणीवपूर्वक घट्ट केली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

देव जुने आहेत. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ ही कांस्ययुगीन ग्रीकांची लिपी उलगडली आणि पायलॉस व नॉसॉस इथल्या मातीच्या पाट्यांवर झ्यूस, हेरा, पोसायडन ही नावे सापडली. होमरच्या सुमारे पाचशे वर्षे आधीची ही नोंद. त्याच पाट्यांवर अकिलीस हे नावही आहे, पण एका सामान्य माणसाचे. या पाट्या राजवाड्यांचे हिशेब आहेत. तेल, मेंढ्या, कामगार यांच्या याद्या. त्यांत वीरकथा नाही.

इ.स.पू. १२०० च्या सुमारास हे राजवाडे कोसळले, लेखन विसरले गेले आणि कथा गायकांच्या तोंडी राहिल्या. म्हणूनच इलियडमध्ये वेगवेगळे काळ एकमेकांत मिसळलेले दिसतात. मायसिनीच्या, म्हणजे या राजवाड्यांच्या काळात योद्ध्यांना बहुधा पुरत असत. होमरचे वीर मात्र चितेवर जाळले जातात. युबिया बेटावरील लेफकांडी इथे इ.स.पू. ९५० च्या आसपासचे एक दफन सापडले. सुमारे ५० मीटर लांबीच्या वास्तूत एका पुरुषाच्या जळालेल्या अस्थी कापडात गुंडाळून कांस्यपात्रात ठेवल्या होत्या, शेजारी सोन्याने मढलेली स्त्री आणि वेगळ्या खड्ड्यात चार घोडे. पॅट्रोक्लसच्या चितेवर अकिलीस चार घोडे चढवतो. हेक्टरच्या अस्थी जांभळ्या वस्त्रात गुंडाळून सोन्याच्या पेटीत ठेवतात. कवीच्या मनातली वीराची अंत्ययात्रा कांस्ययुगाची नाही, त्यानंतरच्या अंधारयुगाची आहे.

कीर्तीची कल्पना त्याहून जुनी. नवव्या सर्गात अकिलीस आपल्यापुढचे दोन मार्ग सांगतो. ट्रॉयला राहून लढलो तर घरी परतणे नाही, पण अक्षय कीर्ती मिळेल. घरी गेलो तर कीर्ती जाईल, आयुष्य लांबेल. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबेर्ट कून याने १८५३ मध्ये दाखवून दिले की होमरचा हा शब्दप्रयोग ऋग्वेदातल्या ‘श्रवः … अक्षितम्’ (१.९.७) याचा सख्खा भाऊ आहे. दोन्हीकडचे कवी एकाच पुरातन काव्यपरंपरेचे वारस. मात्र ऋग्वेदातला ऋषी इंद्राकडे गायी, बळ आणि पूर्ण आयुष्य यांच्यासोबत कीर्ती मागतो. अकिलीसला ती आयुष्याच्या मोबदल्यातच मिळते. हा सौदा इलियडचा.

पूर्वेकडूनही काही आले. मेसोपोटेमियाच्या महाकाव्यात मित्राच्या शवाशी बसलेला गिल्गामेश बछडे गमावलेल्या सिंहिणीसारखा येरझारा घालतो. पॅट्रोक्लससाठी रडणाऱ्या अकिलीसला होमर छावे हरवलेल्या सिंहाचीच उपमा देतो. हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

निर्णायक शतक इ.स.पू. आठवे. फिनिशियनांकडून घेतलेली वर्णमाला ग्रीकांच्या हाती नुकतीच आली होती. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेल्या एका पेल्यावर इलियडमधल्या वृद्ध राजा नेस्टॉरच्या पेल्याचा उल्लेख करणाऱ्या तीन ओळी कोरल्या आहेत. तो याच शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच सुमारास अ‍ॅटिका, अर्गोलिस, मेसेनिया या भागांत लोक शेकडो वर्षे जुन्या थडग्यांपाशी नैवेद्य ठेवू लागले. मृत वीर जमिनीखालून आपले भले-बुरे करू शकतो, ही त्यामागची श्रद्धा. स्पार्टाजवळ मेनेलाओस आणि हेलन यांचे स्थान इ.स.पू. ७०० च्या आसपास उभे राहिले. लिशियातल्या झँथॉस शहरात सार्पीडनचेही स्थान होते, इ.स.पू. ४२ मध्ये रोमन सेनानी ब्रूटसने शहराला वेढा घातला तेव्हाच्या वर्णनात त्याचा उल्लेख येतो.

आता इलियड पाहा. पॅट्रोक्लसचे भूत अकिलीसकडे येते ते काही देण्यासाठी नव्हे. मला लवकर जाळ आणि आपल्या दोघांच्या अस्थी एकत्र ठेव, एवढेच ते मागते. अकिलीस मिठी मारायला जातो, तर ते धुरासारखे जमिनीत विरते. अथेन्समध्ये तिथला पौराणिक राजा एरेक्थिअस याला बैल आणि मेंढे अर्पण होतात, अशी एक ओझरती नोंद दुसऱ्या सर्गात आहे. पण ट्रॉयच्या रणात पडलेल्या कोणालाही मेल्यावर भले-बुरे करण्याचे सामर्थ्य नाही.

ट्रॉययुद्धाच्या इतर महाकाव्यांशी तुलना केली की फरक अधिकच उठून दिसतो. ती काव्ये हरवली, पण प्रोक्लसने केलेले सारांश उरले आहेत. त्यांपैकी ‘एथिओपिस’मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या मेम्नॉनला त्याची आई झ्यूसकडून अमरत्व मिळवून देते, आणि अकिलीसची आई थेटिस त्याला चितेवरून उचलून ‘श्वेत बेटा’वर नेते. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडही वीरांपैकी काहींना जगाच्या कडेवरच्या सुखी बेटांवर पाठवतो. म्हणजे अमरत्वाची पळवाट परंपरेत उपलब्ध होती. इलियडने ती बुजवली. इथला अकिलीस मरणार, आणि देवी असलेली त्याची आई फक्त रडू शकते.

याचे कारण बाराव्या सर्गातल्या सार्पीडनच्याच भाषणात सापडते. आपल्याला लिशियात मानाची जागा, मांसाचा वाटा, भरलेले पेले आणि झँथॉस नदीकाठची जमीन का मिळते, असे तो आपला साथीदार ग्लॉकस याला विचारतो. म्हणून पहिल्या फळीत उभे राहायचे. पण पुढे तो म्हणतो, या युद्धातून सुटून आपण कायमचे अजर-अमर होणार असतो, तर मी स्वतः पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवले नसते. मृत्यू तसाही हजार वाटांनी येणार आहे, तर चल, कोणाला तरी कीर्ती देऊ किंवा आपण मिळवू. ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्’ ऐकत वाढलेल्या वाचकाने इथे थांबावे. सार्पीडनपुढे स्वर्ग नाही, म्हणूनच त्याचे धैर्य इतके मोठे ठरते.

आणि म्हणूनच देव शूर होऊ शकत नाहीत. पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस प्रेमदेवी आफ्रोडायटीला आणि युद्धदेव एरीसला जखमी करतो. देव भाकरी खात नाहीत, द्राक्षारस पीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या अंगात रक्त नाही, वेगळाच द्रव वाहतो. एरीस ओरडत ऑलिंपसवर जातो, औषध लागते, जखम भरते, आणि तो झ्यूसशेजारी ऐटीत बसतो. त्याने गमावले काहीच नाही.

होमरच्याच नावावर असलेल्या ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याने हाच विचार दुसऱ्या टोकाने तपासला. कॅलिप्सो या देवतेने देऊ केलेले अमरत्व ओडिसिअस नाकारतो. मृतलोकातला अकिलीस म्हणतो, सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली बरी.

प्लेटोला हे खटकले. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो अकिलीसच्या या ओळी आणि सार्पीडनसाठी झ्यूसने केलेला विलाप काढून टाकायला सांगतो: मृत्यूला भिणारा नगराचा रक्षक लढणार कसा? अलेक्झांड्रियाचा प्राचीन विद्वान झेनोडोटस याने झ्यूस आणि हेरा यांचा तो संवादच आपल्या प्रतीतून वगळला, अशी नोंद प्राचीन टीपांत आहे. त्याचे म्हणणे टिकले नाही. आज छापल्या जाणाऱ्या इलियडमध्ये तो संवाद जागच्या जागी आहे.