योंगकिंड की बूदां? ऑनफ्लरच्या बंदरातले दोन चित्रकार

उत्तर फ्रान्समधल्या ऑनफ्लरचं बंदर, धक्क्याला लागलेली गलबतं, वर ढगांनी भरलेलं आभाळ, साल १८६०च्या आगेमागे. असं चित्र समोर आलं की दोन नावांत हमखास घोटाळा होतो: योहान बार्थोल्ड योंगकिंड आणि युजेन बूदां. घोटाळा होण्यासारखंच आहे. दोघं एकाच काळातले, एकमेकांचे स्नेही, नॉर्मंडीच्या त्याच किनाऱ्यावर रमलेले. आणि दोघांचीही ओळख ‘मोनेचे गुरू’ अशीच करून दिली जाते; मोने म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा प्रकाश रंगांत पकडणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा अग्रणी. त्यातून योंगकिंडची बहुतेक हयात फ्रान्समध्ये गेली, म्हणून तोही फ्रेंचच वाटतो. पण तो डच होता, आणि हे डचपण त्याच्या हातातून कधीच गेलं नाही असं माझं मत आहे. दोघांमधला फरक ओळखायचा तो तिथूनच.

बूदां (१८२४–१८९८) मूळ ऑनफ्लरचाच. वडील दर्यावर्दी, लहानपणी तो स्वतःही बोटीवर राबला. पुढे जवळच्याच ल आव्र या बंदराच्या शहरात त्याने कागद आणि चित्रांच्या चौकटींचं दुकान काढलं. त्याचा खरा विषय आभाळ. पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, तो ढगांचे झटपट अभ्यास करायचा आणि त्यावर तारीख, वेळ, वारा यांची नोंद ठेवायचा. कवी बोदलेअरने १८५९ साली ते पाहिले आणि लिहिलं की नोंद हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येईल. निसर्गचित्रकार कोरोने तर त्याला आभाळाचा राजाच म्हटलं. त्याच्या त्रुविलच्या किनाऱ्यावरच्या चित्रांत घेरदार झगे घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या दिसतात, पण जवळ जाऊन पाहिलं तर चेहरे नाहीत, नुसते रंगाचे ठिपके. माणसं वाळूइतकीच हवेचा भाग झालेली असतात.

योंगकिंड (१८१९–१८९१) जन्मला लाट्रॉपला, वाढला रॉटरडॅमजवळच्या व्लार्डिंगनला. हेगमध्ये चित्रकार आंद्रेआस स्खेल्फहाउटकडे शिकला आणि १८४६ साली पॅरिसला आला. क्षितिजरेषा खाली आणि आभाळ मोठं, एवढ्यावरून निर्णय करू नका, ते दोघांकडेही आहे. रेष बघा. योंगकिंडच्या चित्राला हाडं असतात. डोलकाठ्या, दोरखंड, पवनचक्कीची पाती, पुलाची कमान, सगळं तुटक पण नेमक्या रेषांनी उभं राहतं आणि रंग त्यावर अलगद येतो. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब तो आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी मांडतो. हेच फटकारे पुढे मोनेच्या पाण्यात दिसतात. शिवाय चंद्रप्रकाशातले कालवे आणि गोठलेल्या पाण्यावर घसरणारी माणसं दिसली, तर नाव जवळपास ठरलंच. हे विषय थेट सतराव्या शतकातल्या डच परंपरेतून आलेले आहेत.

गंमत अशी की उघड्यावर बसून चित्र पूर्ण करण्याचा आग्रह बूदांचा, योंगकिंडचा नाही. योंगकिंड बाहेर जलरंग करायचा. पेन्सिलीच्या किंवा खडूच्या चपळ रेषा, वर पातळ रंग, आणि बराच कागद कोरा सोडलेला. त्यावरून तैलचित्र मात्र स्टुडिओत. म्हणूनच पॅरिसमध्ये राहूनही त्याला हॉलंडचे कालवे रंगवता आले. त्याचे जलरंग मला त्याच्या तैलचित्रांपेक्षा सरस वाटतात. त्यांत हात कुठे थांबला, कुठे धावला हे सगळं दिसतं. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चची मागची बाजूही त्याने एकाच जागेवरून वेगवेगळ्या प्रकाशात रंगवली. मोनेची रूआँच्या कॅथेड्रलची अशीच मालिका यायला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं अवकाश होता.

मोनेने दोघांचंही ऋण मानलं, पण ऋण एकच नव्हे. ल आव्रमध्ये व्यंगचित्रं काढणाऱ्या पोराला बूदांने उघड्यावर नेलं, निसर्ग पाहायला लावलं. योंगकिंड भेटला त्यानंतर, १८६२ साली. डोळ्यांचं अखेरचं शिक्षण आपल्याला त्याच्याकडून मिळालं, असं मोने म्हणत असे.

दोघांचं नशीबही वेगळं. बूदां शिस्तीचा, संसारी माणूस, त्याला लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. योंगकिंडला दारू आणि मानसिक आजाराने पोखरलं होतं. कर्जबाजारी होऊन १८५५ साली तो हॉलंडला परतला, तेव्हा पॅरिसच्या चित्रकारांनी आपली चित्रं लिलावाला दिली आणि त्या पैशातून १८६० साली त्याला परत आणलं. त्यानंतर मूळची डच असलेल्या जोझेफीन फेसेरने त्याला अखेरपर्यंत सांभाळलं.

इम्प्रेशनिस्टांच्या १८७४च्या पहिल्या प्रदर्शनात बूदांची चित्रं होती, योंगकिंडची नव्हती. तरी ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शिक्का दोघांवरही सर्रास मारला जातो. बूदांने स्वतः मात्र हिशेब स्वच्छ ठेवला: दार योंगकिंडने जोर लावून उघडलं आणि आपण त्याच्यामागून आत शिरलो, असं त्याने लिहून ठेवलं आहे.