आधी माग, मग मोटार: टोयोटाच्या संग्रहालयांमागचा इतिहास

नागोया स्टेशनवरून मेइतेत्सु रेल्वेने एकच स्टेशन पुढे गेले की साको येते. तिथून चालत काही मिनिटांवर लाल विटांची लांबलचक इमारत आहे, टोयोटाचे उद्योग आणि तंत्रज्ञान स्मृती संग्रहालय. मोटारी पाहायला आलेला माणूस इथे दारातच बुचकळ्यात पडतो, कारण समोर उभा असतो एक भलामोठा गोल माग. पुढच्या दालनातही कापूस, चात्या आणि धोटेच. घाईतले प्रवासी ते दालन ओलांडून थेट मोटारींकडे जातात आणि इथली अर्धी गोष्ट गमावतात.

ही जागा मुळात विणकामाच्या कारखान्याची. टोयोटा उद्योगाचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांनी १९११ मध्ये इथे प्रायोगिक कारखाना काढला. साकिची १८६७ चे, आजच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई इथले, सुताराचे पोर. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले आणि पुढची तीसेक वर्षे ते एकाच प्रश्नामागे होते: माग न थांबता कसा चालेल आणि थांबायला हवे तेव्हा आपोआप कसा थांबेल? सूत निकृष्ट असले की दोष मागाचा की सुताचा हेच कळत नाही. म्हणून चाचणीला भरवशाचे सूत मिळावे यासाठी त्यांनी १९१४ मध्ये सूतकताईही सुरू केली.

या धडपडीचे फळ म्हणजे १९२४ चा जी-प्रकारचा स्वयंचलित माग. इचलकरंजी किंवा मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला त्याची करामत लगेच कळेल. साध्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, कांडी बदलायची, पुन्हा सुरू करायचा, आणि दर थांब्याला कापडावर आडवी रेघ उमटण्याचा धोका. अमेरिकेतला नॉर्थ्रप माग चालता चालता धोट्यातली कांडी बदलत असे. टोयोडांचा माग सबंध धोटाच बदलतो. कांडीवरचे सूत संपत आले हे एक चाचपणारा भाग ओळखतो, भरलेला धोटा बाजूने आत ढकलला जातो, रिकामा बाहेर पडतो आणि वेग कमी होत नाही. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांचीही अशीच सोय आहे. प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पत्री लोंबते. धागा ताठ असेतोवर ती वर राहते. तुटला की पत्री खाली पडते, हलत्या दांड्याच्या आड येते आणि माग जागच्या जागी थांबतो. त्यामुळे एकच कामगार ३० ते ५० माग सांभाळू शकला. दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबायचे, हे तत्त्व टोयोटा आजही ‘जिदोका’ या नावाने मोटारींच्या कारखान्यात पाळते. हे मजकूर वाचून नीट उमगत नाही. तिथले कर्मचारी यंत्रे चालवून दाखवतात, तेव्हा मागाजवळ थांबावे.

१९२९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे पेटंट-हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. प्लॅट म्हणजे मुंबईच्या जुन्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारे ओल्डहॅमचे बडे नाव. ज्यांच्याकडून जग यंत्रे घेत होते, तेच जपानकडून हक्क घेऊ लागले. याच पैशांतून मोटार उभी राहिली असे सर्रास सांगितले जाते. गोष्ट छान आहे, पण पुरती खरी नाही. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्समध्ये मोटार विभाग काढला. त्यासाठी १९३४ च्या जानेवारीत कंपनीचे भांडवल १० लाख येनवरून ३० लाखांवर न्यावे लागले. मोटारीचा मोठा भार या माग-कंपनीनेच उचलला.

तेव्हा जपानी रस्त्यांवर फोर्ड आणि जनरल मोटर्सचे राज्य होते. फोर्ड १९२५ पासून योकोहामात आणि जनरल मोटर्स १९२७ पासून ओसाकात सुटे भाग आणून गाड्या जोडत होत्या. किइचिरो यांनी शेव्हर्ले गाडी खोलून तिच्या इंजिनाचा नमुना घेतला. पण घोडे अडले ओतकामात. मागाचे सांगाडे ओतणाऱ्या कारागिरांना इंजिनाचा ब्लॉक जमेना, कारण त्याच्या पोटात पाणी खेळायला पोकळ्या लागतात. त्या पोकळ्यांसाठी साच्यात कोअर, म्हणजे वाळूचे गाभे बसवतात. कोअर हलला की भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. कोअरमधल्या वायूला वाट मिळाली नाही की तो वितळलेल्या धातूच्या रसात घुसतो आणि ओतीव सच्छिद्र निघते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ब्लो होल म्हणतात तोच हा त्रास. तेल मिसळून भाजलेले कोअर साधेपर्यंत ढीगभर ब्लॉक भंगारात गेले. मोटार-दालनात या टप्प्याचे देखावे आहेत, ते चमकत्या गाड्यांहून जास्त वेळ द्यावा असे.

१९३५ मध्ये ए-१ ही पहिली नमुना गाडी आणि जी-१ ट्रक तयार झाले. १९३६ मध्ये एए ही विक्रीची मोटार आली. त्याच वर्षी परवान्याशिवाय मोटारनिर्मितीला बंदी घालणारा कायदा झाला, म्हणून घाई होती. ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ झाले तेही १९३६ मध्येच. काताकाना लिपीत ‘टोयोटा’ लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ हा जपानमध्ये शुभ आकडा. टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी २८ ऑगस्ट १९३७ ची. कारखान्याचे कोरोमो शहर १९५९ मध्ये ‘टोयोटा’ झाले.

स्मारके मात्र उलट क्रमाने उभी राहिली. १ कोटी गाड्या पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९७४ मध्ये कुरागाइके स्मृतिभवन उघडले, किइचिरो यांचे जुने घर त्याच आवारात हलवून आणले आहे. कंपनीच्या चाळिशीला, १९७७ मध्ये, मुख्यालयाशेजारी टोयोटा काइकान हे प्रदर्शन-दालन झाले. साकिचींचे स्मारक कोसाईत १९८८ चे, नागाकुतेतले मोटार संग्रहालय १९८९ चे. सर्वांत जुनी गोष्ट सांगणारे नागोयाचे संग्रहालय शेवटी, ११ जून १९९४ ला, किइचिरोंच्या जन्मशताब्दीदिवशी उघडले. आधी आकडे साजरे झाले, मुळे नंतर आठवली.

पाहताना मात्र क्रम नागोयापासूनच धरावा, त्याला निम्मा दिवस लागतो. नागाकुतेसाठी हिगाशियामा मेट्रोने फुजिगाओकापर्यंत जायचे आणि तिथून लिनिमो ही चुंबकीय गाडी घ्यायची. ती २००५ च्या आइची प्रदर्शनासाठी सुरू झाली. गेइदाई-दोरी स्टेशनवरून संग्रहालय चालत पाच मिनिटांवर आहे. तिथे फक्त टोयोटा नाही. जपान, अमेरिका आणि युरोपच्या सुमारे १४० गाड्या आहेत. निव्वळ टोयोटाचा इतिहास शोधत गेलात तर चुकल्यासारखे वाटेल. ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि काइकान रविवारी, म्हणून शनिवार ते सोमवार असा बेत असेल तर वार आधी नीट जुळवावेत.

नागाकुतेत दिसणारी एए ही मूळ गाडी नव्हे, कंपनीच्या पन्नाशीसाठी बनवलेली प्रतिकृती आहे. १,४०४ एए बनल्या. त्यांतली एक जीर्ण, मूळ एए २००८ च्या सुमारास रशियाच्या पूर्व टोकाला सापडली. ती आज हेगच्या लाउमान संग्रहालयात आहे, म्हणजे खरी एए पाहायची तर हॉलंड गाठावे लागते.