दोन टॉवर, एक मजकूर : सहकारी बिनतारी संदेशवहनातील वारंवारतेचा प्रश्न

मुलुंडहून ऐरोलीकडे पुलावरून निघालेल्या गाडीतला मोबाइल खाडीच्या मधोमध असताना मागच्या काठावरच्या टॉवरपासून दूर जात असतो आणि पुढच्या काठावरच्या टॉवरजवळ सरकत असतो. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आणि लहर ३.५ गिगाहर्ट्झची धरली, तर डॉप्लर परिणामामुळे पुढच्या टॉवरची वारंवारता सुमारे १९४ हर्ट्झने चढलेली आणि मागच्याची तितकीच उतरलेली भासते. संपर्क एकाच टॉवरशी असेल तर रिसीव्हर हा फरक सहज काढून टाकतो. पण दोन्ही टॉवर एकच मजकूर एकाच वेळी पाठवू लागले, तर पुढच्याचा फरक काढताच मागच्याचा ३८८ हर्ट्झ होतो. दोघांना एकच दुरुस्ती लागू पडत नाही.

एका प्रेषकाचा आणि एका रिसीव्हरचा ताळमेळ हा त्यामानाने जुना, बराचसा सुटलेला विषय आहे. १९२० च्या दशकात वॉल्टर केडी यांच्या कामातून क्वार्ट्झ क्रिस्टलचे ऑसिलेटर (ठरलेल्या वारंवारतेची लहर निर्माण करणारी मंडले) आले, १९३२ मध्ये बेलसीझ यांनी फेज-लॉक लूपची, म्हणजे येणाऱ्या लहरीच्या फेजशी (चक्रातल्या जागेशी) आपली लहर जुळवत राहणाऱ्या मंडलाची, कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये त्याच जातीचे कोस्टास यांचे लूप आले. तरीही दोन क्रिस्टल कधी तंतोतंत सारखे नसतात. स्वस्त क्रिस्टलची चूक दशलक्षात २० इतकी असली, तरी ३.५ गिगाहर्ट्झवर ती ७० किलोहर्ट्झ भरते, आणि एलटीईच्या (४जी जाळ्याच्या) उपवाहक लहरी तर एकमेकींपासून १५ किलोहर्ट्झवर असतात. अनेक उपवाहकांवर संदेश वाटून पाठवणाऱ्या अशा ओएफडीएम पद्धतीसाठी मूस यांनी १९९४ मध्ये आणि श्मिडल व कॉक्स यांनी १९९७ मध्ये दिलेला उपाय आजही पायाभूत आहे: एकच तुकडा दोनदा पाठवायचा आणि दोन प्रतींमध्ये फेज किती फिरली यावरून फरक मोजायचा.

सहकाराचा, म्हणजे अनेकांनी मिळून एकच संदेश पोहोचवण्याचा, सिद्धांत मात्र वेगळ्या वाटेने वाढला. फान डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये तिघांतील संवादाचे गणित मांडले, कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९ मध्ये रिले वाहिनीच्या (मधला दुवा संदेश पुढे पोहोचवतो अशा मार्गाच्या) क्षमतेची प्रमेये दिली. सेंडोनारिस, एर्किप आणि आझहांग यांनी २००३ मध्ये वापरकर्त्यांनीच एकमेकांचे रिले व्हावे ही कल्पना पुढे आणल्यावर विषयाला खरी गती आली. लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांच्या २००४ च्या गाजलेल्या लेखात प्रत्येक जण आपापल्या पाळीने बोलत असल्यामुळे वारंवारतेची अडचण टळली, सुटली नाही. पाळी मोडून सर्वांनी एकदम बोलायचे ठरताच ती समोर येणारच होती.

एकदम बोलण्यात काय बिघडते, हे गायकाच्या मागचे दोन तंबोरे लावताना कानाला कळते. जोडीचे स्वर केसभर चुकले की आवाज एका लयीत फुगतो आणि ओसरतो. ही लय म्हणजे दोन वारंवारतांमधला फरक. रिसीव्हरवरही दोन लहरी क्षणात एकमेकींना बळ देतात, क्षणात खोडतात, आणि मुळात संदेश बळकट करण्यासाठी केलेला सहकारच त्याला पोखरतो.

मुदुंबई, बॅरियाक आणि मधो यांनी २००७ मध्ये सुचवलेल्या रचनेत एक नोड (जाळ्यातले एक यंत्र) प्रमुख असतो आणि बाकीचे त्याच्या संदर्भलहरीशी आपले ऑसिलेटर जुळवतात. पण मोजमापात १० हर्ट्झची चूक राहिली तरी २५ मिलिसेकंदांत फेज पाव फेरा सरकते. म्हणूनच एमआयटीतील २०१२ च्या मेगामायमो या अनेक प्रेषकांनी एकदम पाठवण्याच्या प्रयोगात अंदाजावर विसंबण्याऐवजी प्रत्येक पॅकेटआधी फेज थेट मोजण्याचा मार्ग घेतला गेला. माझ्या मते सिद्धांत जमिनीवर उतरला तो इथे.

मोबाइल जाळ्यात मोठ्या बेस स्टेशनांना दशलक्षात ०.०५ इतकीच सूट असते, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झवर १७५ हर्ट्झ. त्यासाठी जीपीएसचा किंवा केबलमधून येणाऱ्या घड्याळाचा आधार घेतला जातो. पुलावरचे ३८८ हर्ट्झ मात्र त्याने जात नाहीत, कारण ते कोणत्याच क्रिस्टलमधून आलेले नसतात. प्रत्येक टॉवरचे संदर्भसंकेत वेगळे ओळखून ते मोबाइललाच मोजावे लागतात.