गाडी उभी, तरी ब्रेक ऑइल म्हातारं

इंदूरच्या मराठी घरांत अशी एक गाडी हमखास असते, जी आठवडाभर राजवाड्याच्या आसपास फिरते आणि वर्षातून एकदोनदा महेश्वरला जाते. ब्रेक ऑइल बदला म्हटलं की मालकाचं उत्तर तयार असतं: "गाडी चालतेच कुठे एवढी?" पण पेडलवरचा पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं हे ऑइल गाडी उभी असतानाही जुनं होतं.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल असतं. ते ग्लायकॉल ईथरचं असतं आणि ओलावा शोषून घेतं. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीचं झाकण घट्ट असलं तरी चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांतून बाष्प हळूहळू आत शिरतं. हा दोष वाटेल, पण पाणी ऑइलमध्ये विरघळलं नाही, तर ते कॅलिपरसारख्या (चाकाजवळ ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खालच्या जागी साचेल, गंज धरवेल आणि १०० अंशांनाच उकळेल.

विरघळलेलं पाणीही निरुपद्रवी नसतंच. मानकानुसार ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये; ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५.

शहरात हा फरक जाणवत नाही. महेश्वरला जाताना जामगेटवरून मंडलेश्वरकडे घाट उतरताना जाणवू शकतो. माणसांसकट १३०० किलोची गाडी ४०० मीटर खाली आली, तर सुमारे ५१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत १७ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल! खालचा गिअर असेल तर बराच भार इंजिन उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग मात्र जवळपास सगळा भार ब्रेकवर टाकतात. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं. गंमत म्हणजे हे कधीकधी घाट उतरून चहाला थांबल्यावर घडतं: वारा लागायचा थांबतो आणि तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये मुरत राहते.

"भिया, तेल काला पड़ गया," असं मेकॅनिक म्हणाला तर बदलावंच. पण सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. रंगावर विसंबू नये. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्या गाडीचा नेमका काळ आणि प्रत पुस्तिकेत पाहावी आणि किलोमीटर कमी झाले म्हणून मुदत वाढवू नये.

नुसती भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. चाकांजवळचं जुनं ऑइल तिथेच राहतं. चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून नवं भरणं, करून घ्यावं, तेही सीलबंद डब्यातल्या ऑइलने. पातळी सारखी उतरत असेल तर आधी गळती आणि ब्रेक पॅड तपासावेत. काम चालू असताना गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सोलवटतो.